दात का नाही दाखवलेत?

मासळीवाला भाव सांगताना हसला की अ-युनचं लक्ष माशांवरून उडायचं. वरचा डावा सुळा पुढे आलेला. त्यामागची दाढ गेलेली. आधी तिच्यात चांदी भरली असणार, मग चांदी पडली असणार, मग आज जाऊ उद्या जाऊ करता करता एक दिवस ऊस खाताना तिचा तुकडाच हातात आला असणार. अ-युन मनातल्या मनात एवढी सगळी हकीकत जुळवायची आणि मग शेवटी न राहवून विचारायचीच.

"ऊस होता की खेकडा?"

"काय?"

"दाढ कशानं मोडली?"

मासळीवाला तोंड मिटून घ्यायचा. पुत्झीच्या बाजारातली निम्मी माणसं अ-युनशी तोंडावर हात ठेवून बोलत, ती यामुळेच.

तिचं पूर्ण नाव लुओ त्साय-युन. वय सत्तावन्न. जन्म तुंगशीचा, म्हणजे समुद्रकाठच्या कालवांच्या गावातला. पण तेविसाव्या वर्षी ती पुत्झीच्या दातांच्या दवाखान्यात कामाला लागली आणि चौतीस वर्षं तिथंच राहिली. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या काळात दाढेचा फोटो निघाला की ती नखाएवढी फिल्म घेऊन न्हाणीघराएवढ्या अंधाऱ्या खोलीत जायची. आत एक तांबडा दिवा, दोन तसराळी, आणि वर दोरी. फिल्म पाण्यातून काढून चिमट्यानं दोरीला लावली की बाळाची लंगोटी वाळत घातल्यासारखी दिसे. त्या खोलीत तिला कधी कंटाळा आला नाही. काही नसलेल्या काळ्या तुकड्यावर हळूहळू मुळं उमटायची. पांढरी ती चांदी, करडं ते हाड, आणि हाडात काळा डाग दिसला की तिथं पू. बाहेर खुर्चीत बसलेल्या माणसालाही अजून माहीत नसलेली गोष्ट तिला आधी कळायची. हे सुख तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

पुढे म्हातारे डॉक्टर गेले. दवाखाना डॉक्टर छेंगनी घेतला, फोटो संगणकावर दिसू लागले, अंधारी खोली झाडू-बादल्यांची झाली. चार वर्षं नव्या डॉक्टरांना माणसांची नावं आणि त्यांच्या दाढा शिकवून अ-युन घरी बसली. घरी नवरा टीव्हीपुढे, मुलगा ताईचुंगला नोकरीला. दोन महिन्यांत तिनं घरातला प्रत्येक डबा दोनदा घासला.

तेवढ्यात ताईनानच्या विद्यापीठातून डॉक्टर वेइ आल्या. पस्तिशीच्या, पाठीला पिशवी, भराभर बोलणाऱ्या. त्यांचा अभ्यास चालला होता की गरोदर बायका दात का दाखवत नाहीत. दात साफ करणं सरकार फुकट करून देतं, आईच्या तपासणीच्या वहीत त्याचं पान आहे, तरी शंभरातल्या वीस-पंचवीस बाया दवाखान्यापर्यंत पोचतात. किनाऱ्यावरच्या गावांत तर त्याहून कमी.

"मला तिथली बोली येत नाही, युन ताई," डॉक्टर वेइ म्हणाल्या. "माझे विद्यार्थी गेले तर बायका त्यांना चहा देतात, सगळ्याला हो म्हणतात आणि परत पाठवतात."

"आणि माझ्याकडे काय काम?"

"अठ्ठावीस प्रश्न आहेत. घरोघरी जाऊन विचारायचे."

लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि वर त्याबद्दल कुणी आभार मानायचे! अ-युननं त्याच दिवशी स्कूटरच्या टायरमध्ये हवा भरून घेतली.

कामाला लागल्यावर मात्र पंधराव्या प्रश्नाशी गाडी अडायची. चौदावा प्रश्न होता, या गरोदरपणात दात दाखवलेत का? बायका म्हणायच्या, नाही. पंधरावा होता, का नाही दाखवलेत? खाली चौकोन होते: दुखत नव्हतं, दवाखाना लांब, बाळाची भीती वाटली, वेळ नाही, इतर. आणि दर तीन बायकांतल्या दोघी म्हणायच्या, वेळ नाही.

डॉक्टर वेइंनी आकडे मांडले, खुश झाल्या. वेळ नाही तर आपण वेळ देऊ! डॉक्टर छेंगना सांगून त्यांनी फक्त गरोदर बायकांसाठी शनिवार ठेवले. फोन करून नावं घेतली. पहिल्या शनिवारी अकरा नावं होती, आली एकही नाही. दुसऱ्या शनिवारी नऊ; नुसती खुर्ची आणि दिवा. तिसऱ्या शनिवारी चौघी आल्या. चौघींनी दात घासून घेतले, आणि ज्या दोघींच्या दाढा किडल्या होत्या त्या 'आता घाई आहे' म्हणत अंगातला कोट सावरत निघून गेल्या. बाहेर येऊन त्याच दोघी चहाच्या दुकानात तासभर बसल्या. अ-युननं काचेतून पाहिलं.

"वेळ नव्हता म्हणे!" डॉक्टर वेइ म्हणाल्या. "मग यांचं म्हणणं तरी काय आहे?"

अ-युन रिकामी खुर्ची पुसायला लागली. तिला एक जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती सांगण्यासारखी नव्हती.

त्याच आठवड्यात ती श्वे-लिएनच्या घरी गेली. श्वे-लिएन तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी दोघी एकाच गल्लीत राहायच्या. आता ती अंगणात पत्र्याखाली बसून कालवं फोडत होती. हातात रबरी मोजे, डोक्याला फडकं, समोर टोपलं. सुरीचं टोक फटीत गेलं की शिंपला उघडायचा आणि कालव पातेल्यात पडायचं. तिला खाली बघावंही लागत नव्हतं.

"ये. अजून लोकांची तोंडं वाचत हिंडतेस?"

"आता पगारी वाचते, लिएन ताई. सूनबाई कुठाय?"

"आहे आत. तिला काही विचारू नको, तिला वेळ नाही."

सून दारातच उभी होती. पेइ-रोंग, सत्तावीस वर्षांची, सहावा महिना. डावा गाल असा सुजला होता की डोळ्याखालची कातडी ताणून चकाकत होती. तिनं मान लववली आणि म्हणाली, "बसा, मावशी." शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून आले.

अ-युननं कागद बाजूला ठेवला. "किती दिवस?"

"तीन आठवडे," श्वे-लिएन मध्येच म्हणाली. "बाळाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. उतरली होती सूज."

"आणि परत आली."

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते ती."

"जेवते काय?"

"माशाची पेज," पेइ-रोंग म्हणाली. "गाळून."

तपासणीची वही तिनं आपणहून आणून दिली. गेल्या महिन्यात वजन वाढायच्या ऐवजी दीड किलो उतरलं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी त्याखाली लाल रेघ मारून 'दात दाखवा' असं लिहिलं होतं. अ-युननं बोटानं इशारा केला, तशी पोरीनं तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. खालची डावी दाढ. मागच्या बाजूला काळी खाच. हिरडी जांभळी. हा पू खाली गळ्याकडे उतरला तर काय होतं ते अ-युननं चौतीस वर्षांत दोनदा पाहिलं होतं. त्यातला एकजण घरी परत आला होता.

"ताई, हिला आज घेऊन चल."

"म्हटलं ना, वेळ नाही."

समोर फक्त दोन टोपली कालवं होती आणि पेइ-रोंगला तर हातच लावायचा नव्हता. अ-युननं इकडंतिकडं पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की मघापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय ते कशामुळे. गल्लीतल्या प्रत्येक अंगणातून टक् टक् टक् असा आवाज येत होता. रिकाम्या शिंपल्यांना भोकं पाडून दोरीत ओवायचं, त्या माळा समुद्रात सोडायच्या, त्यांवर नवी कालवं धरतात. तुंगशीतल्या बायका हेच करत म्हाताऱ्या होतात. फक्त या अंगणात आवाज नव्हता. शिंपल्यांचा ढीग ताडपत्रीनं झाकलेला, ताडपत्रीवर विटा.

"शिंपले का झाकलेत?"

"अशी काय विचारतेस? परदेशात जन्मलीस का? घरात पोटुशी बाई आहे. भोकं कशी पाडू?"

"सहा महिने पाडली नाहीस?"

"दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवसापासून नाही. पलीकडच्या घरी देते काम. माझ्या वाट्याचं सगळं तिथली बाईच करते नि मिरवते." श्वे-लिएननं सुरी टोपल्यात टाकली. "माझ्या मोठ्या जावेनं नाही ऐकलं. तिच्या पोराचा फाटका ओठ बघितलायस ना? तुला काय सांगायचं, तू त्याचे दात मोजले असशील."

अ-युनला सगळं एकदम दिसलं. भिंतीवर देवळातून फुकट मिळणारं पंचांग टांगलं होतं, पाठीवर कशाबरोबर काय खाऊ नये त्याची रंगीत चित्रं. त्यात रोजच्या तारखेखाली एक बारीक ओळ असते: गर्भदेव आज कुठे. दाराशी, चुलीपाशी, जात्यापाशी, बिछान्यावर; घरात की घराबाहेर. पोटातल्या बाळाचा जीव त्या देवापाशी. तो जिथं बसलाय तिथं खिळा ठोकला, कात्री चालवली, भोक पाडलं, तर घाव बाळाला; तो घरात असताना बाईच्या अंगाला तर मुळीच नाही, बाहेर गेला की थोडी मोकळीक. हे अ-युनलाही लहानपणापासून ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्याला कुणी कारण म्हणत असेल हेच तिला सुचलं नव्हतं.

"आणि तू म्हणतेस हिच्या तोंडात भोक पाडायला नेऊ," श्वे-लिएन म्हणाली. "शिंपल्याला पाडलेलं चालत नाही, ते हिच्या हाडाला? आणि आधी विजेचा उजेड सोडणार."

तिकडे एक्स-रेला जुनी माणसं विजेचा उजेड म्हणतात.

घरी येऊन अ-युननं आपलं पंचांग काढलं आणि तिन्ही शनिवार शोधले. पहिला: गर्भदेव खोलीत, बिछान्यावर. दुसरा: खोलीत. तिसरा: घराबाहेर, आग्नेयेला. तिनं चष्मा पुसला आणि परत पाहिलं. तिसऱ्या शनिवारीच चौघी आल्या होत्या, आणि घासून घेतलं होतं. कोरून घेतलं नव्हतं.

फोनवर हे ऐकून डॉक्टर वेइंनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "तीन शनिवारांवरून काही सिद्ध होत नाही, युन ताई."

"सिद्ध नाही होत. पण कळतं."

"मग त्यांनी तसं सांगितलं का नाही? 'बाळाची भीती वाटली' असा चौकोन होता की!"

"भीती कुठं वाटली? त्यांनी काळजी घेतली. आणि शिकलेल्या माणसापुढे गर्भदेवाचं नाव काढलं तर तो हसतो, म्हणून त्या म्हणतात वेळ नाही. आमच्याकडे वेळ नाही म्हणजे, तुम्हाला सांगून उपयोग नाही."

"आपण एक पत्रक काढू. की ही समजूत चुकीची आहे, सहाव्या महिन्यात दाढेचं काम करायला काही..."

"मग त्या दोनदा म्हणतील वेळ नाही."

डॉक्टर वेइ हसल्या, पण लगेच थांबल्या. "तुम्हाला एवढी खात्री कशी?"

तेव्हा अ-युननं ती गोष्ट सांगितली. एकतीस वर्षांपूर्वी ती दिवसभर दुसऱ्यांचे गाल धरून उभी असायची, पोटात मुलगा. तिचीच खालची दाढ ठणकत होती. म्हातारे डॉक्टर रोज म्हणत, बस खुर्चीत, पाच मिनिटांचं काम. खुर्ची दोन पावलांवर. आणि ती रोज म्हणायची, आज वेळ नाही, डॉक्टर. सासूनं देवळातून आणलेला मंतरलेला पिवळा कागद तिच्या पोलक्याच्या आत शिवलेला होता. मूल झालं, बाळंतिणीनं दात घासू नयेत म्हणून महिनाभर सासूनं घासू दिले नाहीत, आणि चाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी ती दाढ उपटली. पोरानं घेतली, सासू म्हणाली. अ-युनही तेच म्हणत आली.

"हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "दातांच्या दवाखान्यातली बाई मी."

"मी लिहून घेऊ?"

"नावाशिवाय."

चार दिवसांनी सकाळीच पेइ-रोंगचा फोन आला. बोलणं नीट कळत नव्हतं. अ-युन स्कूटर काढून गेली. पोर पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, आडवं झालं की ठोके डोक्यात जातात म्हणून. तोंडात दोन बोटंही जेमतेम शिरत होती. सूज जबड्याखाली उतरली होती. नवरा, त्स-हान, सकाळीच कालवांच्या तराफ्यांवर गेला होता. जाताना म्हणाला होता म्हणे, आई सांगेल तसं कर.

"अंग गरम आहे हिचं," अ-युन म्हणाली.

"कोमट आहे," श्वे-लिएन म्हणाली. पण ती आज कालवं फोडत नव्हती. पातेलं पालथं होतं. तिच्या हातात पंचांग होतं आणि ते आजच्या पानावर उघडं होतं.

"आज कुठाय?"

"खोलीत." श्वे-लिएननं पान उलटलं. "उद्याही खोलीतच. पाच दिवस खोलीत. मी काय करू, अ-युन? तुला वाटतं मला दिसत नाही? माझं पोर नाही का ते पोटातलं? इकडे न्यावं तर त्याला घाव, न न्यावं तर हिला."

अ-युननं पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तिला एक प्रश्न पडला होता, आणि प्रश्न पडला की तिला तो विचारल्याशिवाय राहवत नसे.

"ताई, तुझा त्स-हान पोटात होता त्या वर्षी मोठं वादळ झालं. तुमची खिडकी उडाली होती."

"मग?"

"मग ती तशीच ठेवलीत?"

"तशीच कशी ठेवू? समुद्र घरात आला असता. यांनी फळ्या ठोकल्या."

"खिळ्यांनी?"

"मग काय भातानं चिकटवल्या?"

"आणि गर्भदेव?"

श्वे-लिएननं पंचांग मांडीवर ठेवलं. "आधी झाडून घेतलं," ती हळूहळू म्हणाली. "सासूबाईंनी नवा झाडू घेतला, भिंत झाडली, म्हणाल्या, बाबा जरा बाजूला हो, घर वाचवायचंय. मग ठोकलं." ती थांबली. "त्स-हानला काही झालं नाही. एक कान जरा मोठा आहे."

"तो तुझ्या माहेरचा कान आहे."

पलंगावरून विचित्र आवाज आला. पेइ-रोंग हसत होती आणि गाल धरून कण्हत होती.

"मग खुर्ची झाडता येईल," अ-युन म्हणाली.

श्वे-लिएन विचारात पडली. तिचा विचार खरा होता. ती टाळत नव्हती. "झाडू कुणाचा?" तिनं विचारलं.

"दवाखान्यात आहे की."

"तो फरशीचा! लोकांची थुंकी झाडलेल्या झाडूनं देवाला बाजूला सारू? अक्कल कुठं ठेवलीस?" ती उठली, आतून लाल दोरा गुंडाळलेला नवाकोरा झाडू घेऊन आली. "त्स-हानला फोन लाव. गाडी आण म्हणावं. तराफे काही पळून जात नाहीत."

डॉक्टर छेंगना अ-युननं फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. ते उत्तरेकडचे, चाळिशीला आलेले, नीटनेटके. दवाखान्यात चप्पल वाकडी ठेवलेली त्यांना चालत नसे. सासूबाई झाडू घेऊन आत शिरल्या तसे ते हात मागे बांधून भिंतीला लागून उभे राहिले. श्वे-लिएननं खुर्ची डोक्याकडून पायाकडे झाडली. हात टेकायच्या जागा झाडल्या. मग वरच्या दिव्याकडे पाहिलं.

"यातून काय येतं?"

"नुसता उजेड, काकू."

"आणि भोक पाडतं ते?"

डॉक्टरांनी दाखवलं. तिनं ती नळी, तिचं टोक, खाली लोंबणारी तार, सगळं हलक्या हातानं झाडलं. "बाबा," ती पुटपुटली, "आम्ही तुला हाकलत नाही. अर्धा तास बाहेर ओसरीवर बस. पोरीला जेवता येत नाही, ती जेवली नाही तर तूही उपाशीच."

"फोटोचं यंत्र राहिलं," डॉक्टर छेंग म्हणाले.

अ-युननं चमकून पाहिलं. ते गंभीर होते.

एक्स-रेच्या आधी पेइ-रोंगच्या गळ्यापासून मांड्यांपर्यंत शिशाचा झगा घातला. श्वे-लिएननं तो आधी स्वतःच्या हातात तोलून पाहिला. "याच्यातून उजेड जात नाही?"

"नाही. आणि उजेड फक्त गालापुरता, डोळ्याची पापणी लवते तेवढाच," डॉक्टर म्हणाले.

"जडच आहे. गोणीभर शिंपले पांघरल्यासारखं. रोंग, दम नाही ना लागत?"

सुनेनं मानेनंच नाही म्हटलं. यंत्र एकदा टिक् करून गप्प झालं, आणि पडद्यावर दाढ उमटली. अ-युनला तांबड्या दिव्याची खोली आठवली, पण इथं वाट बघायलाच लागली नाही. तिला ते जरा चुकल्यासारखं वाटलं. ती पुढे झाली. सवयीनं तिचं बोट आधीच त्या जागेवर गेलं.

"हे बघ, ताई. ही दाढ. ही दोन मुळं. आणि हे."

मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी काळी गोल सावली होती, आणि वरून, दाढेच्या मागच्या कोपऱ्यातून, एक काळी वाट थेट आतपर्यंत उतरलेली.

श्वे-लिएन चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावून उभी राहिली. कालवांचा शिंपला बघावा तशी ती बघत होती. आतल्या किड्यानं शिंपला कुठून पोखरलाय हे तिला जन्मभर नुसत्या हातानं कळत आलं होतं.

"हे भोक तुम्ही आत्ता पाडलंत?" तिनं विचारलं.

"मी अजून हातही लावला नाही, काकू."

"मग आधीपासूनच आहे?"

"आधीपासून. किडीनं पाडलंय. पू आत कोंडलाय, त्याला बाहेर यायला वाट नाही."

"म्हणजे तुम्ही पाडणार नाही. किडीनं पाडलेलं साफ करणार."

डॉक्टर छेंगनी तोंड उघडलं. साफ करायला थोडं कोरावं लागेल, असं काहीतरी ते सांगणार होते, त्यांचा स्वभावच तसा. अ-युननं त्यांच्या पायावर पाय दिला.

"साफच करणार," ते म्हणाले.

श्वे-लिएन पडद्याकडे बघत अजून क्षणभर उभी राहिली. "सहा महिने मी अंगणात आवाज होऊ दिला नाही," ती म्हणाली, "आणि हा किडा इथं आत बसून पोखरतोय." मग तिनं सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले. "उघड तोंड."

सुई टोचली तेव्हा पेइ-रोंगनं अ-युनचा हात असा धरला की अंगठी रुतली. यंत्र सुरू झालं, तशी श्वे-लिएन झाडू पोटाशी धरून दाराकडे तोंड करून उभी राहिली. एकदम घाण वास सुटला. डॉक्टर म्हणाले, "आलं." पेइ-रोंगच्या खांद्यातला ताण सुटलेला अ-युनला हातातून कळला, तीन आठवडे वर ओढून धरलेले ते खांदे खाली आले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिनं मोकळ्या हाताची दोन बोटं वर करून हलवली. दुखत नाही, दुखत नाही.

नंतर बाहेरच्या बाकावर गालाला बर्फाची पिशवी लावून ती बसली होती. अ-युननं उरलेले प्रश्न उरकायला घेतले. चौदावा: या गरोदरपणात दात दाखवलेत का? हो. त्याखाली बारीक अक्षरात सूचना होती: उत्तर 'हो' असेल तर पंधरावा प्रश्न विचारू नये, थेट सोळाव्याकडे जावे. अ-युननं ती दोनदा वाचली. म्हणजे यातलं काहीच लिहायला जागा नव्हती. तिनं तिथूनच डॉक्टर वेइंना फोन लावला.

"बाई दवाखान्यात पोचली, त्यामुळे ती का येत नव्हती हे तुमच्या कागदाला नको आहे," ती म्हणाली.

"मागच्या कोऱ्या बाजूला लिहा," डॉक्टर वेइ म्हणाल्या. "सगळं लिहा, ताई. आणि सोमवारी या. पंधरावा प्रश्न आपण नव्यानं घालू. काय विचारायचं तुम्ही सांगा."

"विचार करते," अ-युन म्हणाली.

नावनोंदणीच्या खिडकीपाशी पुढच्या वेळेचं बोलणं चाललं होतं. दाढ आणखी तीनदा तरी साफ करावी लागणार होती.

"गुरुवारी या," डॉक्टर छेंग म्हणाले.

श्वे-लिएननं पिशवीतून पंचांग काढलं, बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "गुरुवारी बिछान्यावर आहे. तुमची खुर्चीपण बिछान्यासारखीच आडवी होते. सोमवारी या म्हणा, सोमवारी तो बाहेर जातोय."

"सोमवारपर्यंत थांबलं तर परत सूज येईल, काकू."

अ-युन कागदावर पेन टेकवून ऐकत राहिली. पेइ-रोंग सासूकडे बघत होती.

श्वे-लिएननं पंचांग मिटलं. "गुरुवारच ठेवा मग. सकाळी. मी आधी येऊन झाडते." ती जायला वळली, थांबली, आणि झाडू खिडकीतून आत सरकवला. "हा इथंच राहू दे. दर वेळी स्कूटरवरून काय मिरवत आणू? मागच्या गल्लीत एकीची मोठी सून आहे, पाचवा महिना, ती पण दाढ धरून बसलीय. तिला लागला तर द्या."

डॉक्टरांनी झाडू दोन्ही हातांनी घेतला. कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. ते झाडू-बादल्यांच्या खोलीकडे निघाले.

"तिथं नको!" सासू, सून आणि अ-युन तिघी एकदम ओरडल्या.